परत म्हणा

वर्तक सरांना काहीही सांगितलं की ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "परत म्हणा."

ऐकू आलं नाही म्हणून नव्हे. त्यांचे कान फार तिखट होते. परळच्या ज्या हॉस्पिटलात मी नोकरीची सगळी वर्षं काढली, तिथल्या आवाजाच्या विभागाचे ते प्रमुख. समोरचा माणूस काय बोलतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. त्याचा आवाज घशातून कसा निघतो, कुठे अडकतो, कुठे फाटतो, हवा कुठे गळते, एवढंच ते ऐकत. "अर्थ नंतर, विजय," ते मला सांगत. "आधी आवाज. अर्थ काय, कुणालाही कळतो."

एकदा कॅन्टीनमध्ये स्टोव्ह भडकला. आचारी धावत आमच्या दारात आला आणि ओरडला, "आग लागली, आग." सरांनी डोळे मिटले. "परत म्हणा." आचारी बिचारा परत म्हणाला. "बघ," सर माझ्याकडे वळून म्हणाले, "घाबरल्यावर 'आ' कसा मोकळा सुटला. एरवी हाच माणूस घसा आवळून बोलतो." मी वाळूची बादली घेऊन पळालो. आग विझवून आलो तर सरांनी त्याला खुर्चीत बसवलं होतं आणि तो खोकत खोकत लांबलचक 'आ' म्हणत होता.

काळ्या नाडीला बांधलेलं स्टॉपवॉच सरांच्या गळ्यात कायम लटकत असे. एका श्वासात 'आ' किती लांबतो, ही पहिली परीक्षा. मग नुसता 'स', मग नुसता 'झ'. घसा निरोगी असला तर दोन्ही सारखेच टिकतात. 'झ' आधी संपला तर स्वरतंतूंवर गाठ असल्याचा संशय घ्यायचा. मग स्पिरिटच्या दिव्यावर कोमट केलेला छोटा आरसा घशात, जीभ गॉजच्या तुकड्यात धरलेली, आणि "ई म्हणा". शेवटी आवाजाला गुण. खरखर किती, हवा किती, ताण किती. शून्य ते तीन. शून्य म्हणजे उत्तम. सर बसच्या कंडक्टरला गुण देत, भाजीवाल्याला देत. डीनचं भाषण संपलं की माझ्या कानाशी येऊन "ताण तीन" म्हणत. स्वतःच्या वहिनीच्या मयताला गेले, तिथून आल्यावर मी विचारलं, सगळं नीट झालं का. म्हणाले, "धाकट्या मुलीच्या रडण्यात हवा फार आहे. तिला घेऊन ये म्हणालो, तर दादा रागावला."

शून्य गुण फक्त एका आवाजाला होते, त्यांच्या स्वतःच्या. आवाज खरोखर सुंदर होता. भरलेला, स्वच्छ, कुठेही ओरखडा नसलेला. तो ते दागिन्यासारखा जपत. थर्मासात ज्येष्ठमधाचं कोमट पाणी. बर्फ नाही, लोणचं नाही, विडी-सिगारेटच्या धुराजवळून जायचं नाही. ओरडणं तर नाहीच. डोळ्यांसमोर बस सुटली तरी ते "थांबा" म्हणत नसत, पुढच्या बसची वाट बघत. गिरगावात दोन खोल्यांत एकटे राहत. तिथे तो आवाज कुणासाठी वापरत असतील, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मी त्यांच्या हाताखाली तंत्रज्ञ होतो. म्हणजे टेपरेकॉर्डर उचलायचा, स्पूल चढवायचं, मायक्रोफोन धरायचा. मी डिलाईल रोडवरच्या चाळीतला. माझे वडील, सगळे त्यांना नाना म्हणत, गिरणीत साचेखात्यात होते; जिथे कापड विणायचे साचे चालतात ते खातं. सरांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा प्रेमाने पाहिलं. साचेवाल्यांचे आवाज कसे झिजतात, कापसाचे तंतू आणि साच्यांचा गोंगाट त्यांच्या घशाचं काय करतात, यावर त्यांना प्रबंध लिहायचा होता. चाळीत त्यांना मीच नेलं. पुढचं सगळं त्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण मला तसं वाटत राहतं.

पहिलं रीडिंग गिरणी चालू असताना घेतलं. परवानगी काढून आम्ही खात्यातही गेलो. दार उघडताच सरांनी दोन्ही हात कानांवर नेले. आत माणसं साच्यांमधून फिरत होती आणि त्यांचे ओठ हलत होते. पाच-सहा साचे सोडून पलीकडे आमच्या शेजारचे परबकाका उभे होते. नानांनी त्यांच्याकडे बघून तोंड हलवलं: डब्यात काय? परबकाकांच्या ओठांनी उत्तर दिलं: सुकट. नाना हसले. आवाजाचा पत्ता नाही.

बाहेर आल्यावर सरांनी मला विचारलं, "ते काय करत होते?"

"बोलत होते, सर."

"आवाज कुठे होता?"

"आवाज काढून उपयोग काय? ओठांवरून कळतं. चाळीत मलाही येतं थोडंथोडं."

सरांनी टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. "मग ते आपल्या कामाचं नाही," म्हणाले. "टेपवर काय येणार?"

मग संप झाला.

गिरणगावात त्या संपाने काय काय गेलं ते मी नव्याने सांगायला नको. पण या शहरात एक माणूस असा होता ज्याला संप सुरू झाल्याचा आनंद झाला, आणि तो माझा साहेब होता. सरांनी मला बोलावून घेतलं आणि हलक्या, अतिशय सुरेल आवाजात समजावून सांगितलं की इतके साचेवाले इतका काळ घसा विसाव्याला ठेवून घरी बसलेत, असं जगात कुठेही झालं नसेल. कुठल्याही संशोधकाला हे मिळणार नाही. "पहिलं रीडिंग काम चालू असताना. दुसरं आता, विश्रांतीत, महिन्या-महिन्याने. गिरणी परत सुरू झाली की तिसरं. तिन्ही झाली की प्रबंध पूर्ण."

विश्रांती हा त्यांचा शब्द.

त्या विश्रांतीत आमच्या मजल्यावर फक्त आमच्या घरी पगार येत होता, माझा. घरात फोडणी पडली की आई दार लोटून घ्यायची. वास जातोच. मी डबा घेऊन गॅलरीतून जाताना बसलेली माणसं पाय आखडून घेत, मला वाट देत. कुणी कधी वाकडं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

अशा गॅलरीत सर दर महिन्याला येत. मागून मी, टेपरेकॉर्डर घेऊन. नानांना पहिल्यांदा बसवत, मग परबकाकांना, मग बाकीच्यांना. संपाला बरेच महिने झाल्यावरची गोष्ट. नानांनी 'आ' म्हटलं, सरांनी आरसा घालून घशात पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "नाना, गाठ जवळजवळ गेली की. आवाज सुंदर झालाय. संप मानवला तुम्हाला."

पत्ते पिसणाऱ्याचा हात थांबला. सर आपले आरसा पुसत होते.

त्यांच्या डोक्यावरून नाना आणि परबकाका एकमेकांकडे बघत होते, आणि दोघांचे ओठ हलत होते.

"काय म्हणता ता ऐकलंस?" नानांचे ओठ.

"म्हयनोभर हेंका उपाशी ठेवया," परबकाकांचे ओठ. "गाणी म्हणतले."

"आणि ह्येंका चाय देव नको. साखर संपली हा."

"विजू बघता."

"बघूंदे. तेचोच साहेब."

मी मायक्रोफोनच्या वायरचं वेटोळं घालत खाली बघत राहिलो. सरांना वाटलं, लोक लाजले. ते सगळ्यांना नमस्कार करून उठले. आईने आतून, शेजारून आणलेल्या साखरेचा चहा पाठवला होता, तो कोमट होईपर्यंत थांबून प्यायले आणि म्हणाले, "वा."

त्यांची एकच गोष्ट जुळत नव्हती. आवाज स्वच्छ होत होते, पण 'आ' आखूड होत चालले होते. दर महिन्याला थोडे थोडे. विभागात आलेख पसरून ते मला खरंच मनापासून विचारत होते, "गाठी जातायत, मग दम का घटतोय?"

"जेवण, सर," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. "परत म्हणा."

"जेवण."

"जेवण म्हणताना तुझा आवाज दबतो, विजय. का?"

मी आलेख गुंडाळायला घेतले.

परीक्षेत शेवटी रोजचं बोलणंही टेपवर घ्यायचं असे. सर म्हणत, "काहीही बोला. आज काय झालं ते सांगा." बहुतेक जण पाणी आलं नाही, डोकं दुखतंय असं काहीतरी सांगून सुटत. एका दुपारी परबकाका मायक्रोफोनसमोर बसले आणि म्हणाले, "आज घरातला तांब्याचा हंडा मोडीत घातला."

सरांचे डोळे मिटलेले होते. "परत म्हणा."

परबकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज घरातला तांब्याचा हंडा मोडीत घातला."

"शेवटचा शब्द तुटतोय. परत म्हणा."

आत काकी भांडी घासत होत्या. घासण्याचा आवाज थांबला. परबकाकांनी तिसऱ्यांदा म्हटलं, एकेक शब्द सुटा सुटा, शाळेतल्या धड्यासारखं. 'घातला' या वेळी तुटला नाही.

"छान," सर म्हणाले.

परबकाका उठले, पायात चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. त्या दिवसानंतर ते सरांशी बोलले नाहीत. सर आले की ते कठड्याला टेकून, रस्त्याकडे तोंड करून उभे राहत. पण जागचे हलतही नसत.

ती टेप सरांनी विद्यार्थ्यांना कधी ऐकवली नाही. बाकी सगळ्या ऐकवल्या. मी एकदा काढून ठेवली तर त्यांनी ती न बोलता परत कपाटात टाकली. मला वाटलं, खराब झाली असेल.

पुढे एका मोठ्या हॉटेलात आवाजाच्या डॉक्टरांची परिषद झाली. सरांनी पडद्यावर आलेख दाखवले. विश्रांतीने व्यावसायिक आवाज कसा सुधारतो, याचं इतकं स्पष्ट चित्र आजवर कुणी मांडलं नव्हतं म्हणे. टाळ्या पडल्या. स्लाइडचं यंत्र मी चालवत होतो. नानांच्या स्वरतंतूंचा रंगीत फोटो भिंतीएवढा मोठा होऊन समोर होता, आणि मागच्या टेबलांवरून कबाबांचा वास येत होता. कुणीतरी विचारलं, निष्कर्ष काय? सर म्हणाले, "तिसऱ्या रीडिंगशिवाय मी निष्कर्ष काढत नाही. गिरण्या सुरू होईपर्यंत थांबावं लागेल."

ते थांबले.

संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. काही गिरण्या थोड्या माणसांवर चालू झाल्या, नानांची नाही. लोक गावी गेले, वॉचमन झाले, भाजी विकू लागले, मेले. सर मात्र दर गणपतीला आमच्या चाळीत येत, आरती होईपर्यंत बसत आणि उठताना नानांना विचारत, "मग, गिरणी कधी सुरू होतेय? आपलं तिसरं रीडिंग राहिलंय." पुढच्या स्टेशनाला गाडी कधी पोचते हे विचारावं, तशा सुरात.

पहिल्या दोनेक वर्षांत लोक चिडले. नंतर मला एक वेगळंच दिसायला लागलं. सर यायच्या दिवशी नाना सकाळी दाढी करू लागले. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवू लागले. "सर येतले. तिसरा रीडिंग रवला हा," आईला सांगत. युनियनवाले बोलायचे थांबले होते, पेपरात छापून यायचं थांबलं होतं, घरातही तो विषय कुणी काढत नसे. गिरणी सुरू होणार हे गृहीत धरून बोलणारा सगळ्या गिरणगावात हा एकच माणूस उरला होता. नाना त्याला मनातून शिव्या देत आणि त्याची वाट बघत.

एके वर्षी साचेखात्याची भिंत पाडली. सर तेव्हा निवृत्त झाले होते. मी, नाना आणि सर रस्त्याच्या पलीकडे उभे होतो. आत नुसता उजेड होता. इतकी वर्षं त्या जागी काळोख आणि आवाज होता, आता एकदम आरपार करी रोडकडचे पत्रे दिसत होते. क्रेन उभी होती.

"मग तिसरं रीडिंग, नाना?" सरांनी विचारलं.

"कसला रीडिंग, सर. साचे भंगारात गेले."

सरांनी डोळे मिटले. "परत म्हणा."

"साचे भंगारात गेले, सर."

सर बराच वेळ डोळे मिटून उभे होते. त्या दिवशी त्यांना नानांचा आवाज ऐकायचा होता असं मला वाटलं नाही.

त्यानंतरच्या गणपतीत ते आले तेव्हा आरतीत त्यांचा सूर लागेना. कठड्याला टेकलेल्या परबकाकांनी तोंड न वळवता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांना उद्देशून शब्द काढला. "तुमचो आवाज फाटलो, सर. दाखवून घेवा."

सरांचा चेहरा उतरला. मग ताठ झाला. "आपण कुठे शिकलात हे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच तर घशात आरसो घालून शिकवलात."

"ज्येष्ठमध चालू आहे माझा," सर म्हणाले आणि प्रसाद न घेता गेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजाला गुण देणाऱ्या माणसाने स्वतःच्या आवाजाचा शून्य पुन्हा तपासून पाहिला नव्हता. ते घशात आरसा घालून घ्यायला गेले तेव्हा फार उशीर झाला होता. कर्करोग होता. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं.

मी भेटायला गेलो तेव्हा ते बिछान्यावर बसले होते. गळ्याशी श्वासासाठी भोक, त्यावर पांढऱ्या जाळीचा रुमाल. श्वास तिथूनच येणार-जाणार, त्यामुळे तोंडातून आवाज कधीच नाही. गळ्याला टेकवून बोलायचं एक बॅटरीचं यंत्र मिळतं, माशी गुणगुणावी तसा आवाज येतो. आमच्या विभागातल्या मुलीने प्रेमाने ते आणून दिलं होतं. सरांनी ते एकदा वापरलं, मग पाटीवर लिहिलं: खरखर ३, ताण ३. आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलत, जणू ते बहिरे झाले होते. पाटीवर लिहीपर्यंत कुणाला धीर नसे. पुतण्या "हो हो" म्हणत मोबाईल बघे. आणि ते पाटी पुसून टाकत.

मी उठलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि ओठ हलवले. मला कळलं. ते म्हणत होते, "नाना बोलतील माझ्याशी?"

मी त्यांना टॅक्सीत घालून चाळीत आणलं. जिना चढताना ते चार वेळा बसले. नाना आता जवळजवळ ठार बहिरे झाले आहेत. साच्यांनी घसा सोडला, पण कान सोडले नाहीत. नातवंडं कानाशी ओरडतात आणि हे "माका आयकाक येना नाय" म्हणून टीव्हीकडे बघत बसतात. गॅलरीत सरांना खुर्ची दिली. सर काहीतरी पुटपुटले, नुसत्या ओठांनी.

"असा नाय," नाना म्हणाले. "पुस्तकी तोंड नको. ओठ मोठे करा. हात चालवा जरा. परत म्हणा."

सरांनी परत म्हटलं. नानांनी मान हलवली आणि उत्तर दिलं. त्यांनी आवाज लावलाच नाही. खात्यातल्यासारखे ओठ. सरांनी सवयीने डोळे मिटले.

नानांनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. "डोळे उघडे ठेवा हो. डोळे मिटून काय ऐकतलात?"

तेव्हापासून ते येतात. आठवड्यातून दोनदा तरी. एक बहिरा आणि एक मुका दुपारभर बोलतात आणि माझी बायको मला म्हणते, "घरात एवढं कुणी कुणाशी बोलत नाही." सर आधी फार चुकायचे. नानांचं "मासे" त्यांना दुसरंच काही वाटायचं आणि दोघं खांदे हलवत हसायचे. सरांच्या हसण्यात आवाज नसतो, फक्त गळ्याशी रुमाल उडतो. आता बरंच जमतं. मध्येच सर छातीशी हात नेतात, स्टॉपवॉच चाचपायला. ते तिथे नसतं.

परबकाका कठड्यापाशीच असतात. रस्त्याकडे तोंड. काकी जाऊन बरीच वर्षं झाली. समोर जिथे गिरणी होती तिथे आता काचेची इमारत आहे, दुपारी तिचं ऊन उलटून आमच्या गॅलरीत येतं. परबकाका हात आडवा धरतात पण जागा बदलत नाहीत.

गेल्या महिन्यातली गोष्ट. नाना पेंगले होते. सर बराच वेळ परबकाकांच्या पाठीकडे बघत बसले होते. मग त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटाने ठकठक केलं. परबकाकांनी वळून पाहिलं.

सरांनी ओठ मोठे केले, नानांनी शिकवले तसे. "तांब्याचा हंडा. कुणाचा होता?"

मी चहा घेऊन दारात उभा होतो. मला स्पष्ट दिसलं. परबकाकांनाही दिसलं असणार. त्यांच्या खात्यात त्यांच्याइतके ओठ वाचणारं कुणी नव्हतं असं नाना सांगतात. ते सरांकडे बघत राहिले. मग मोठ्याने, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "परत म्हणा."

दोन दारं पलीकडे तांदूळ निवडणारी बाई वर बघू लागली. सरांनी परत म्हटलं.

"परत म्हणा."

नाना जागे झाले. काय चाललंय ते त्यांना एका नजरेत कळलं. "गप रव रे परबा," ते म्हणाले. परबकाकांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

सरांच्या कपाळावर घाम आला होता. रुमाल वरखाली होत होता. तिसऱ्यांदा त्यांनी एकेक शब्द सुटा केला. तांब्याचा. हंडा. कुणाचा. होता.

उन्हाची तिरीप कठड्यावरून सरकून परबकाकांच्या तोंडावर आली होती. त्यांनी आपल्या दाराकडे पाहिलं. मग ते बोलले, पण आवाज न काढता, म्हणजे मजल्यावर कुणाला कळलं नाही. खात्यात बोलायचे तसे.

"माझ्या आयशीचो," त्यांचे ओठ म्हणाले. "लग्नात मिळाललो तिका."

सर त्यांच्याकडे बघत होते. डोळे उघडे होते.